पहिल्या स्टँडवर

शिवांजली हुक्केरीला नीट ऐकू येत नाही, हे सगळ्यांत आधी मला कळलं. तिच्या आईवडिलांच्या आधी, वर्षाराणी मॅडमच्या आधी, आणि ज्यांच्या समोर बसून आम्ही दहा दिवस वाजवत होतो त्या दोन्ही पाहुण्या संचालकांच्या आधी.

२००३ ची दिवाळीची सुट्टी. आम्ही दोघी नववीत, पण वेगवेगळ्या शाळांत. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली, ऐश्वर्या मगदूम. वडिलांचं औषधांचं दुकान खाली आणि आम्ही वर. शिवांजली इचलकरंजीहून यायची, एसटीनं, पाठीला व्हायोलिनची पेटी आणि हातात डबा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांमधून चांगलं वाजवणारी मुलं निवडायची, त्यांचा एक वाद्यवृंद उभा करायचा आणि शेवटच्या रविवारी नाट्यगृहात त्याचा जाहीर कार्यक्रम करायचा, असं एका शिक्षणसंस्थेनं ठरवलं होतं. त्याची सगळी धावपळ वर्षाराणी मॅडमकडे होती. मॅडम माझ्याच शाळेत संगीत शिकवायच्या. पावणेदोनशे मुलांतून आम्ही बेचाळीसजण निवडले गेलो. घरी माझी दृष्ट काढली होती.

कार्यक्रमाचे दोन भाग, आणि दोन्ही भागांना वेगळे संचालक. पहिल्या भागाला पिराजीराव. ते लष्करी बँडमधून निवृत्त झाले होते, त्यांना सगळे बँडमास्तरच म्हणायचे. दुसऱ्या भागाला धारवाडचे मृत्युंजय हिरेमठ, स्वतः मोठे व्हायोलिनवादक. ते सहाव्या दिवसापासून येणार होते.

व्हायोलिनवाले आम्ही दहाजण. दोघांत एक नोटेशनचा स्टँड. पहिल्याच दिवशी बँडमास्तरांनी प्रत्येकाकडून वाजवून घेतलं आणि पहिल्या स्टँडवर शिवांजलीला प्रेक्षकांच्या बाजूची खुर्ची दिली, तिच्या शेजारची मला. शेजारच्या खुर्चीचं काम पानं उलटायचं. म्हणजे सगळ्या व्हायोलिनमध्ये ती पहिली आणि मी दुसरी.

बँडमास्तर छडी घेऊन उभे राहायचे. त्यांची छडी म्हणजे कवायतच. खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. लांबूनही कुणाला चुकता येऊ नये इतकी स्पष्ट. मुलांचे डोळे कागदात गेले की ते ओरडायचे, "कागदात काय घावनार हाय तुमास्नी? छडीकडं बघा की!" आणि मग शिवांजलीकडे छडी करून म्हणायचे, "ही पोरगी बघा. डोळं हलवतीया का? एकटी बघतीया ही. बाकीची समदी नुसती कान उघडं ठिवून बसल्यात."

ती खरंच हलायची नाही. मला वाटायचं, काय लक्ष आहे हिचं!

तिसऱ्या दिवशी आमच्या मागं ठेवलेली मोठी झांज स्टँडवरून सुटून फरशीवर पडली. असा आवाज झाला की बेचाळीसच्या बेचाळीसजण दचकले. एक तबलजी तर उठून उभाच राहिला. शिवांजली व्हायोलिनच्या बो-ला, म्हणजे गजाला, राळ लावत होती, ती लावतच राहिली. मग समोरच्या सगळ्यांच्या माना मागं वळलेल्या तिला दिसल्या, तशी तिनंही मान मागं वळवली. मी शेजारी होते म्हणून मला तो मधला वेळ दिसला.

दुपारी मी मुद्दाम तिच्या मागं उभी राहून हळू म्हटलं, "शिवा, तुझ्या पेटीवर पाल बसलीया." ती पाण्याची बाटली भरत राहिली. तेच वाक्य मी पुन्हा जरा मोठ्यानं म्हटलं. काही नाही.

डबा खायला आम्ही गच्चीवर जायचो. मी तिच्या समोर बसले आणि विचारलं, "तुला ऐकू येत न्हाय व्हय गं?"

तिचा घास हातातच राहिला. आधी ती जिन्याकडे बघून आली, कुणी आहे का. मग बसली.

"येतंय की," ती म्हणाली. "तू बोलतीस ते कळतंय."

"मी समोर हाय म्हणून कळतंय."

ती भाकरी कुस्करत बसली. मग हळूहळू सगळं सांगितलं. त्यांचं घर वर आणि खाली कापडाचे आठ यंत्रमाग. पाळण्यात होती तेव्हापासून खडाखडा खडाखडा. त्या आवाजात घरात कुणी कुणाला हाक मारत नाही, मारून उपयोगच नाही. समोर जायचं, ओठ हलवायचे, हात करायचा. आई शांतव्वा, वडील, दोन्ही काका, कामगार, सगळे असेच बोलतात. "मला वाटायचं समद्यांच्या घरात असंच बोलतात," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"सातवीत असताना शाळेतल्या पोराची बासरी ऐकू यायची बंद झाली. मी म्हटलो, ह्यो बासरीवालाच हळू वाजवाय लागलाय."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

"मग व्हायोलिन कसं वाजवतीस?"

"ते जवळ असतंय न्हवं? निम्मं ऐकू येतंय, निम्मं हनवटीतनं कळतंय." तिनं हनवटीवर बोट ठेवलं. तिथं व्हायोलिन टेकून टेकून डाग पडला होता. "बाकीच्यांचं मी छडीवर बघतो."

मी म्हटलं, घरी सांग, दवाखान्यात दाखव. माझ्या वडिलांच्या दुकानाशेजारीच कानाचे डॉक्टर बसतात. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. "अप्पाला कळलं तर आधी व्हायोलिन बंद हुईल. तू कुनाला बोलू नकोस. तुझ्या आईची शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली.

त्या दिवसापासून मी तिचे कान झाले, असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता. सकाळी तिच्या तारा मी सुरात लावून द्यायचे. मॅडम मागून काही सूचना द्यायच्या, त्या मी वहीच्या कडेला लिहून दाखवायचे. आणि जिथं छडीवरून कळणार नाही अशी जागा असेल तिथं माझा उजवा पाय तिच्या डाव्या पायाला टेकवायचे. एकदा दाबला की तयार, दोनदा दाबला की सुरू. आमच्या या भानगडीचा कुणाला पत्ता लागला नाही. सहावा दिवस उजाडेपर्यंत सगळं छान चाललं होतं.

सहाव्या दिवशी हिरेमठ सर आले. उंच, पांढरं धोतर, छातीपर्यंत दाढी. हातात छडी नाही. त्यांनी स्वतः बांधलेली रचना आणली होती, भूप रागातली. वाजवायला लागलो की सर डोळे मिटायचे आणि त्यांचे हात पाण्यात सोडल्यासारखे हलायचे. सम कुठं, मात्रा कुठली, काही कळायचं नाही. आम्हाला ऐकू येत होतं म्हणून आम्ही एकमेकांच्या आधारानं जात होतो. शिवांजली कोरड्या डोळ्यांनी त्यांच्या हातांकडे बघत बसायची. तिच्या ओठांवर घाम यायचा. दाढीमिशीत सरांचे ओठही दिसत नव्हते.

त्या रचनेच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबायची आणि फक्त बासरी राहायची. गडमुडशिंगीचा सम्मेद बासरी वाजवायचा. सरांनी त्याला मोकळं सोडलं होतं. कधी तो तीन श्वासांत आटपायचा, कधी पाच घ्यायचा. तो वरच्या षड्जावर येऊन थांबला की एकट्या व्हायोलिननं उचलायचं आणि सोळा आवर्तनं एकट्यानं वाजवायची. अख्ख्या कार्यक्रमात एकट्यानं वाजवायची तेवढीच जागा होती.

सरांनी आम्हा दोघींकडून ती वाजवून घेतली. आधी मी वाजवली. ते "हं" म्हणाले. मग शिवांजलीनं वाजवली. ती संपल्यावर सरांनी डोळे उघडले आणि तिला आडनाव विचारलं. मी पायानं खुणावलं आणि वहीवर लिहिलं: आडनाव. तिनं सांगितलं. "हुक्केरी!" सर एकदम खुलले आणि कानडीत बोलायला लागले. तिला दाढीतून काही कळलं नसणार, पण कानडीत मोठी माणसं पोरीला पहिल्यांदा काय विचारतात ते ती जाणून होती. तिनं गाव सांगितलं, आजोळ सांगितलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "भाळ छलो," फार छान, ते म्हणाले. "ही वाजवील."

आज कुणी विचारलं तर सांगेन, ती माझ्यापेक्षा चांगलं वाजवत होती. माझं बरोबर असायचं, तिचं गोड असायचं. पण त्या दिवशी मला वाटलं, कानडीमुळं मिळालं तिला.

घरी मी सांगितलं तेव्हा आई पापड तळत होती. माझी आई राजमती तशी मवाळ बाई, पण कार्यक्रमाचं तिनं फार मनावर घेतलं होतं. जयसिंगपूरचे मामा, शिरोळची आत्या, सगळ्यांना बोलावून झालं होतं.

"म्हंजे तू काय करनार?" तिनं विचारलं.

"शेजारी बसणार. पानं उलटणार."

"एवढ्या लांबनं मानसं येनार, पोरीनं पानं कशी उलटली ते बघायला?" एवढं बोलून ती पुन्हा कढईकडे वळली. तिला वाईट बोलायचं नव्हतं. पण मी न जेवता खोलीत गेले, आणि पेटी उघडून ती सोळा आवर्तनं वाजवत बसले. दुसऱ्या दिवशीही वाजवली. तिसऱ्या दिवशी ती मला पाठ झाली होती.

शुक्रवारी मी वर्षाराणी मॅडमना सांगितलं. शप्पथ मोडून. मॅडम एकट्याच कार्यक्रमपत्रिकांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं: झांज, बासरी, पाय. सांगताना मला खरंच वाटत होतं की मी शिवांजलीच्या भल्यासाठी बोलतेय. मॅडमच्या हातातली घडी थांबली. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"हिरेमठ सरांना बोललीस?"

"न्हाई."

"बोलू पन नकोस." त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली. दुसऱ्या भागाखाली छापलं होतं: एकल व्हायोलिन, कु. शिवांजली महालिंग हुक्केरी. "शिक्षणाधिकारी येनारेत, अध्यक्ष येनारेत. दोन दिवस राह्यलेत, ऐश्वर्या. आता हे काढलं तर सगळा विस्कोट हुईल. कार्यक्रम झाला की मी स्वतः तिच्या घरी जाते, डॉक्टरकडं नेते. शब्द देते तुला."

"पन तिला बासरी ऐकूच येत न्हाई, मॅडम."

"तू हाईस की शेजारी," मॅडम म्हणाल्या. "तू पाय दाबतीस न्हवं? मग झालं."

मी उठले. दारात मॅडमनी पुन्हा हाक मारली. "तुझ्यावर हाय बघ सगळं."

रविवारी संध्याकाळी सहाला पडदा वर गेला. नाट्यगृह भरलं होतं. इचलकरंजीहून हुक्केरींचं सगळं घर टेंपो करून आलं होतं. माग बंद ठेवून, कामगारांसकट. शिवांजलीनं पडद्याच्या फटीतून मला तिचे वडील दाखवले. तिसऱ्या रांगेत फेटा बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून फोटोला बसल्यासारखे बसले होते. तिनं फट आणखी जरा उघडली. "अप्पा पहिल्यांदा ऐकनार माझं," ती म्हणाली. "घरात वाजवलं तर मागात कळत न्हाय कुनाला."

पहिला भाग सुरेख झाला. बँडमास्तरांची छडी आणि शिवांजलीचे डोळे. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या भागात हिरेमठ सर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. सुरुवातीच्या जागा मी पायानं दिल्या. एकदा, दोनदा. सगळं बरोबर पडत होतं. मग सगळे थांबले आणि बासरी सुरू झाली. सम्मेद तिकडच्या टोकाला, हार्मोनियमच्या रांगेमागं, इथून दिसत नव्हता. त्यानं पाच श्वास घेतले. सुंदर वाजवत होता. शिवांजलीनं व्हायोलिन हनवटीखाली धरलं होतं, बो तारांवर टेकवला होता. तयारची खूण मी दिली होती. माझा पाय तिच्या पायाला लागलेलाच होता.

बासरी वरच्या षड्जावर आली, लांबली, आणि थांबली.

मी पाय दाबला नाही.

मी विसरले नव्हते. घाबरलेही नव्हते. नंतर पुष्कळ वेळा मी स्वतःला समजावलं की क्षणभर लक्ष चुकलं. ते खोटं आहे. बासरी थांबलेली मी ऐकली, आता दाबायचा हे मला कळलं, आणि मी पाय तसाच ठेवला.

नाट्यगृहात शांतता झाली. सरांचा हात पुन्हा एकदा फिरला, डोळे मिटलेलेच. शिवांजली माझ्याकडे बघत होती. मी कागदाकडे बघत होते. तिकडे सम्मेदला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि त्यानं पुन्हा बासरी धरली. नेमकं तेव्हाच शिवांजलीनं सरांचा हात बघून अंदाजानं सुरू केलं. दोन्ही एकमेकांवर चढले. सम्मेद घाबरून थांबला, परत लागला. हार्मोनियमवाल्यांना वाटलं पुढचा भाग आला, दोघं-तिघं शिरले. सरांनी डोळे उघडले. कानडीत काहीतरी ओरडले. शिवांजलीला काय कळणार? ती वाजवतच होती. तिच्या हनवटीपाशी सगळं बरोबर चाललं होतं.

सरांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सगळे थांबले. ती खाली तारांकडे बघत होती. त्या सबंध नाट्यगृहात एकटं तिचं व्हायोलिन वाजत राहिलं, किती वेळ कोण जाणे. मागच्या रांगांत आधी कुणीतरी हसलं, मग बरेचजण हसले. तिनं वर बघितलं आणि बो तारेवरच थांबला.

हिरेमठ सरांनी माझ्याकडे बोट केलं. "तू," ते म्हणाले. "एकल. घे."

आणि मी वाजवलं. कागदाकडे बघावं लागलं नाही. सोळाच्या सोळा आवर्तनं, एकही स्वर हलला नाही. शिवांजली व्हायोलिन मांडीवर घेऊन माझ्या हातातल्या बो-कडे बघत होती. पुढं सगळी वाद्यं बरोबर येऊन मिळाली आणि रचना शेवटाला गेली. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. जयसिंगपूरच्या मामांनी शिट्टी मारली.

पडदा पडल्यावर वर्षाराणी मॅडमचा आवाज माइकवरून आत ऐकू येत होता. एका विद्यार्थिनीची प्रकृती अचानक बिघडली, तरीही दुसरीनं ऐनवेळी कार्यक्रम सावरला, वगैरे. आत माझ्याभोवती गर्दी झाली. आईनं मला पोटाशी धरलं. त्यातून सुटून मी कोपऱ्यात गेले तेव्हा शिवांजली पेटी बंद करत होती. तिनं माझ्याकडे तोंड करून विचारलं, "पाय बधिर झालता का?"

"व्हय," मी म्हणाले.

ती मान हलवून पेटीच्या कड्या लावायला लागली.

तेवढ्यात तिचे वडील, महालिंगअण्णा, आत आले. "शिवा!" त्यांनी दारातूनच हाक मारली. तिची पाठ दाराकडे होती. "ए शिवा!" ते दोन पावलं पुढं आले. "शिवांजली! अगं हिकडं बघ की!" त्यांचा आवाज दणदणीत होता. बाकीचे सगळे गप्प झाले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. एक तीच कड्या लावत होती.

महालिंगअण्णा जागच्या जागी उभे राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आपण पोरीला मागून कधी हाक मारलीच नाही, हे त्यांना त्या वेळी उमगलं असावं. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. फेटा काढून हातात घेतला.

बँडमास्तर भिंतीला टेकून उभे होते. ते पुढं आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पावणं, पोरीचं कान तपासून घ्या. मी तरी कसा फसलो म्हाईत न्हाई. आमच्यात कान गेलेली तोफखान्याची मानसं अशीच बघत्यात."

डॉक्टरांनी सांगितलं, आवाजानं कानाच्या नसा गेल्यात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा. हे मला वर्षाराणी मॅडमकडून कळलं. मॅडम शब्दाप्रमाणे त्यांच्या घरी गेल्या होत्या. व्हायोलिन त्याच आठवड्यात बंद झालं. दिवाळीनंतर शाळाही सुटली. तोपर्यंत शिक्षकांच्या ओठांकडे बघून ती पहिल्या पाचात येत होती. पण ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत झाल्यावर तिला शिकवायला कुणी तिच्याकडे तोंड करीना. शाळेनं घरच्यांना बोलावून सांगितलं, हिला वेगळ्या शाळेत घाला. वेगळी शाळा लांब होती. तिला तिथं कुणी घातलं नाही.

मला त्या कार्यक्रमाचं प्रशस्तिपत्र मिळालं. आईनं ते काचेत बसवून दुकानात लावलं.

मी इचलकरंजीला गेले ते जूनमध्ये, दहावीची शाळा सुरू व्हायच्या आधी. सहा महिने रोज जायचं ठरवत होते. त्या गल्लीत शिरले तेव्हा सगळीकडे शांत होतं. लोडशेडिंग होतं, दुपारी चारपर्यंत लाईट नाही. तिची आई शांतव्वा दारात गहू निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, "बा, बा" म्हणून आत बोलावलं आणि खाली बोट दाखवलं.

शिवांजली मागांच्या खोलीत होती. आठ माग थांबलेले, सगळ्यावर कापसाची पांढरी धूळ. ती सुताच्या कांड्या भरायच्या यंत्रापाशी बसून रिकाम्या कांड्या टोपलीत लावून ठेवत होती. केसांवर, भुवयांवर तीच धूळ. मी समोर गेल्यावर ती हसली. सरकून जागा केली.

"हितं काम करतीस?" मी विचारलं.

"व्हय. हितं ऐकू यायची गरज लागत न्हाय की." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. घरात कुणीतरी असंच म्हणालं असणार, तेच तिनं सांगितलं.

"डॉक्टर तर म्हनालते, आवाजापासनं लांब ठेवा."

"लांब म्हंजे कुठं?" ती म्हणाली. "घर वरच हाय."

कानातलं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की मागांचा आवाज डोक्यात घुसतो म्हणून कपाटात होतं. मी थोडा वेळ बसले. मग तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "शिवा, माझा पाय बधिर झाला नव्हता."

"म्हाईत हाय मला."

"मी मुद्दाम..."

"म्हाईत हाय म्हटलो की." तिनं टोपली पायापाशी ओढली. चार कांड्या उचलून रांगेत लावल्या. मग तिनं विचारलं, "तू वाजवलीस ते मला ऐकू आलं न्हाय. बो नुसता दिसत हुता. कसं झालं गं?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. राग कुठंतरी दिसेल म्हणून.

"चांगलं झालं," मी म्हणाले.

"वरच्या पंचमावर थांबलीस का? मी तिथं थांबनार हुतो. सरांनी सांगितलं नव्हतं, पन मी थांबनार हुतो."

"न्हाई. मी थांबले न्हाई."

"थांबाय पायजे हुतं," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. तिनं ते मनगटानं पुसले, तशी धूळ गालावर लागली.

चारला लाईट आली. एकामागून एक आठही माग सुरू झाले आणि माझे दात त्या हादऱ्यानं वाजायला लागले. तिनं मला हातानं वर जा म्हणून खुणावलं आणि यंत्राकडे वळली. मी जिन्यावरून एकदा मागं बघितलं. तिची बोटं कांड्यांवर भराभर चालली होती.

शांतव्वांनी चहा दिला, तो मला प्यावाच लागला. स्टँडपर्यंत मला सोडायला महालिंगअण्णा स्वतः आले, मोटारसायकलवरून. बस लागली होती. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली आणि बस सुटेपर्यंत खाली उभे राहिले. त्यांना स्वतःलाही कमीच ऐकू येत असावं. ते खिडकीशी अगदी जवळ आले होते आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "धा दिवस तुमी तिच्या शेजारी बसलाव. चौदा वर्सं आमच्या घरात हाय, आमाला कळलं न्हाई. मानसं नावं ठेवत्यात, आईबापाला कसं कळलं न्हाई म्हून. तुमास्नी तरी कवा शंका आली हुती का?"

वाहकानं घंटी मारली.

"न्हाई, काका," मी म्हणाले. "मला बी कळलं न्हाई."

त्यांनी सुस्कारा सोडला. चेहरा जरा मोकळा झाला. "बगा की," ते म्हणाले. "मग आमी तरी काय करनार?" आणि बस हलली तसे खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवून ते चार पावलं बरोबर चालत आले.